निळ्या काठाचा गठ्ठा

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचं पातळ घ्यायला माय शेलूबाजारला गेली, तेव्हा दुकानदारानं तिला विचारलं, "कोण वारलं?"

आमच्यात लग्न पांढऱ्यात लागतं. धर्म बदलला तसं लग्न बदललं, हळदी-मुंडावळ्या गेल्या, नवरा-नवरी पांढऱ्यात उभे राहून बुद्धवंदना म्हणू लागले. हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, फक्त कापड दुकानदारांना ठाऊक नव्हतं. किंवा होतं आणि त्यांना ते ठाऊक असण्याची गरज वाटत नव्हती. पांढरं पातळ मागितलं की ते फळीच्या अगदी तळातून एक घडी काढत. कोरं, बिनकाठाचं, व्यापाऱ्यांच्या घरच्या म्हाताऱ्या विधवा नेसतात तसलं. मायनं सांगितलं, कोणी वारलं नाही बापा, पोरीचं लगन हाये. दुकानदार हसला. वाईट मनानं हसला असंही नाही, पण हसला, आणि दुकानात बसलेल्या दोन बायाही हसल्या.

मायनं तेच पातळ घेतलं, दुसरं नव्हतंच. निळ्या कापडाच्या पट्ट्या फाडून घरी हातानं काठ शिवला. मंडपात बहीण उभी राहिली तेव्हा काठ जागोजागी गोळा झालेला आणि टाके दिसत होते. लग्न लागलं, जेवणं झाली. मला मात्र ते टाके दिसत राहिले.

मी तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून पत्रकं लिहीत होतो. आमच्या तरुण मंडळात लिहिणारा मी एकटाच, त्यामुळे विहिरीपासून शिष्यवृत्तीपर्यंत जे काही अडलं ते माझ्या हातून वाशीमच्या छापखान्यात जाई. याही गोष्टीवर मी पत्रक काढलं. पांढरा रंग हा मरणाचा नव्हे, असं मोठ्या टायपात मथळ्याला घातलं. छापखान्यात गुलाबी कागद स्वस्तात पडला होता, म्हणून पांढऱ्या रंगावरचं पत्रक गुलाबी निघालं. शेलूबाजारच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं. त्या दुकानदारालाही दिलं. त्यानं ते नीट वाचलं, चार घड्या घातल्या आणि त्याच कागदानं कंदिलाची काच पुसली.

घरी येऊन मी हे रागारागानं सांगितलं. माय भाकरी थापत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "पत्रक नेसता येते काय रे?"

त्या एका प्रश्नातून आमचं दुकान निघालं.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. फळ्या वस्तीतल्या सुताराकडून, एक सतरंजी, बसायला खोकं. सुरुवातीला कटपीस, पोरांच्या चड्ड्या, पंचे, चोळीचे खण एवढाच माल. बाजाराच्या गावी जाऊन यायला पूर्ण दिवस आणि दिवसाची मजुरी जाते, त्यामुळे वस्तीतल्या बाया पहिल्याच आठवड्यात येऊ लागल्या. दुपारी तांड्यावरच्या आणि गावातल्या दोन-चार बायाही खण पाहायला यायच्या, आधी उंबऱ्याबाहेरून, नंतर सतरंजीवर बसून. कटपीस विकून मी दुकानदार झालो खरा, पण ज्यासाठी दुकान काढलं ती वस्तू फळीवर नव्हती. निळ्या काठाचं पांढरं पातळ. आणि धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. वैशाखी पौर्णिमेला, वस्तीतल्या आणखी चार मुलींबरोबर, एकाच मंडपात. पाचही घरच्यांना मी शब्द दिला होता की या खेपेला कोणाची माय काठ शिवत बसणार नाही. आमचं सोडून बाकी चार घरांनी मला विसार दिला. कपाशी वेचल्याच्या मजुरीतला विसार. तो डब्यात ठेवला तेव्हा झाकण लावायला हात धजेना.

अशी पातळं कारंज्यात एका ठोक व्यापाऱ्याकडे मिळतात असं कळलं होतं. एस.टी.नं गेलो. शेठची पेढी बाजारपेठेत, चार पायऱ्या चढून. आत पांढरी गादी, लोड, एका बाजूला मुनीम. माझ्यासारखे खेड्यापाड्यांतले दुकानदार गादीच्या कडेकडेनं बसलेले. मला कोणी ऊठ म्हटलं नाही, बस असंही म्हटलं नाही. मी बसलो.

शेठ बोलायला गोड माणूस. गाव विचारलं, वस्ती विचारली, आणि वस्ती कळल्यावर नमुना माझ्या हातात देण्याऐवजी माझ्यापुढे गादीवर टाकला. तरीही पातळ सुरेख होतं. बऱ्हाणपूरच्या मागावरचं, घट्ट विणीचं, चार बोटं रुंद निळा काठ. मी उजेडात धरून पाहिलं. मला हवं होतं तेच.

मी म्हटलं, पाच पाठवा, आणि नवऱ्यांच्या मायांसाठी, वऱ्हाडातल्या बायांसाठी धरून वीस-बावीस.

शेठ म्हणाला, गठ्ठा पूर्ण घ्यावा लागते. एक गठ्ठा, एक रंग, एक काठ. गठ्ठ्यात पन्नास.

हा नियम मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला, आणि नंतर वाशीमला, रिसोडला, जिथं जिथं विचारलं तिथं हाच ऐकायला मिळाला. कुठं गठ्ठा, कुठं पेटी, कुठं ग्रोस. नाव वेगळं, अर्थ एक. ज्याच्याजवळ आधीच पैसा आहे त्यालाच माल मिळेल. या नियमात जात लिहिलेली नसते, फक्त भांडवल लिहिलेलं असतं. पण आमच्या वस्तीत जात आणि रिकामा खिसा एकाच घरात राहतात हे नियम करणाऱ्याला विचारावं लागत नाही. मोठा दुकानदार पन्नास उचलतो, त्याला भाव पडतो कमी. लहान दुकानदार पन्नास उचलू शकत नाही, म्हणून तो त्याच मोठ्याकडून दहा घेतो, चढ्या भावानं. मग त्याचं गिऱ्हाईक म्हणतं, याचं दुकान महाग. हे सगळं मी शेठला तिथंच ऐकवलं. मला वाटतं बरंच मोठ्यानं ऐकवलं.

शेठ शांतपणे म्हणाला, "भाषण चौकात दे भाऊ. अथी कापड इकतो आमी."

तरी त्यानं आपली अडचण सांगितली, आणि ती खोटी नव्हती. बऱ्हाणपूरचा मागवाला गठ्ठा बांधूनच पाठवतो. मी अर्धा फोडून नेला तर उरलेली निळ्या काठाची पांढरी पातळं घ्यायला दुसरं कोण येणार? तुमच्या लोकांशिवाय हे कोणी नेसत नाही, तो म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं. त्यानं नोकराला हाक मारून आतून एक जुना गठ्ठा आणवला. कोरी, बिनकाठाची, घडीवर पिवळी पडलेली. हा फुटका गठ्ठा आहे, यातली पाहिजेत तेवढी ने, म्हणाला. वीस ने, पंधरा ने, निम्म्या भावात देतो. पांढरं ते पांढरं.

माझ्या पिशवीत विसाराचे पैसे होते. त्या पैशांत ती सगळी पातळं आली असती, वर दुकानाला चार पैसे सुटले असते. मी ती हातातही घेतली नाहीत.

घरी आलो तेव्हा धाकटी बहीण दारातच होती. काय झालं ते तिला सांगितलं, कोऱ्या पातळांचंही सांगितलं. ती चिडली नाही. ती म्हणाली, "दादा, बिनकाठाचं नेसून मी उभी राहीन ना, तर पाह्यनारा पयले तेच पाहीन. लगन कोणी पाह्यनार नाई." मग म्हणाली, नाहीच मिळालं तर मी शाळेचा निळा स्कर्ट घालून उभी राहते, हसू दे लोकांना. हे ती हसत म्हणाली, पण मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं की ती खरंच तसं करील. आमच्या घरात हट्ट ही एकच गोष्ट सगळ्यांना सारखी वाटून मिळालेली आहे.

वैशाख जवळ येत होता. मी पुन्हा कारंज्याला गेलो, या वेळी बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी पेढीवर गर्दी होती. माझ्या आधी दोघांचं बोलणं चाललं होतं. एक रिसोडकडचे म्हातारे चाचा, सायकलवर कापडाचं बोचकं बांधून गावोगाव फिरून विकणारे. दुसरा मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातला दुकानदार, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, सतत घाम पुसणारा. दोघांनाही थोडा थोडा माल पाहिजे होता. चाचांना रंगीत पातळांतली दहा-बारा, त्या दुकानदाराला हिरव्या काठाची पांढरी, थोडीच, म्हाताऱ्या आणि शाळेतल्या मास्तरीणबाई घेतात म्हणून. शेठनं दोघांना सगळ्यांच्या देखत सांगितलं, गठ्ठा पूर्ण, नाही तर नाही. नियम म्हणजे नियम, सगळ्यांले सारखा. चाचांनी पुढ्यातला नमुना घडी करून परत ठेवला. दुसऱ्यानं घाम पुसला.

मग शेठनं मला खूण करून जवळ बोलावलं. मी पुढं सरकलो. शेठनं खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्या आणि त्याच्या हातांवर टाकलं, आणि खालून माझा हात धरला.

बैलबाजारात ही पद्धत लहानपणापासून पाहिली होती. दलाल कापडाखाली बोटं धरतात, भाव हातावर ठरतो, भोवतालच्या माणसाला कळत नाही. माझ्या बापानं आयुष्यभर दुसऱ्यांचे बैल बाजारात हाकून नेले, म्हणून ती बोटांची भाषा मला येत होती. कापडाच्या पेढीवर मात्र पहिल्यांदा पाहिली. शेठनं माझ्या बोटाच्या पेरावर मधोमध दोनदा दाबलं. अर्धा. अर्धा गठ्ठा. मग भावाची बोटं धरली, आणि भावही वाजवी होता.

म्हणजे मला पाहिजे ते सगळं मिळालं होतं. कदाचित माझं मागच्या वेळचं बोलणं त्याच्या मनात राहिलं असेल. कदाचित त्याला पाच लग्नांचं नगद गिऱ्हाईक सोडायचं नसेल. त्याचा चेहरा मोकळा होता, जणू आम्ही पावसापाण्याचं बोलत होतो. आणि मला दोन गोष्टी एकदम दिसल्या. एक, ज्या हातानं माझ्यापुढे नमुना गादीवर टाकला होता, तोच हात उपरण्याखाली माझा हात घट्ट धरून होता. तिथं त्याला विटाळ होत नव्हता. दुसरी, चाचा माझ्याकडे पाहत होते. त्यांना पूर्ण कळलं होतं. सायकलवर चाळीस गावं फिरलेल्या माणसाला उपरण्याखाली काय चाललंय ते कळत नाही काय?

मी हात काढून घेतला. उपरणं घसरून गादीवर पडलं.

मी म्हटलं, "शेठ, अर्धा देता ते तोंडानं सांगा. चाचालेबी सांगा, ह्या भाऊलेबी सांगा."

कडेचे सगळे माझ्याकडे वळले. मुनिमानंही लिहायचं थांबवलं. शेठचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. एका माणसाला गुपचूप दिलेली सूट गर्दीत उघडी करणं म्हणजे व्यापाऱ्याच्या धंद्यात काय असतं, ते मला तेव्हा माहीत होतं आणि आजही माहीत आहे. मी ते जाणूनबुजून केलं.

"म्या काई देल्लं नाई," शेठ म्हणाला. "आन् आता देतबी नाई. जाय."

मी उठून पायऱ्या उतरलो. खाली आल्यावर पिशवी काखेत घट्ट धरली. पत्रकात अशा ठिकाणी 'आणि मी ताठ मानेनं निघून आलो' असं वाक्य येतं, मी स्वतः तसली पुष्कळ लिहिली आहेत. पण पिशवीत चार घरांचा विसार होता आणि डोळ्यापुढे शाळेचा निळा स्कर्ट.

समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो. थोड्या वेळानं चाचा आले, सायकल भिंतीला टेकवली आणि शेजारी बसले. आधी त्यांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली. हातात आलेला माल सोडलास, वेडा आहेस, घरी बहिणीचं लग्न आणि पेढीवर हिंमत दाखवतोस, असं बरंच. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी विडी पेटवली आणि आवाज बदलला.

"बाबू, सच बोल. ये सफेद वाला, नीले काठ का. सबच बौद्ध वस्ती में चलता क्या?"

मी सांगितलं, सगळीकडे चालतं. लग्नाला, जयंतीला, पौर्णिमेला. तुमच्या गावांतून कोणी मागितलं नाही काय?

चाचांनी विडीची राख झटकली. दर वर्षी वैशाखात मागतात, ते म्हणाले. प्रत्येक गावात तुमच्या वस्तीच्या टोकाला गेलं की बाया विचारतात, पांढरं आहे काय. मी नाही म्हणतो आणि पुढं जातो. मला वाटायचं मयतीचं मागतात, मयतीचा माल मी बोचक्यात ठेवत नाही. इतकी वर्षं. त्यांनी मान हलवली आणि स्वतःशीच हसले.

एवढ्यात तो घाम पुसणारा दुकानदारही पायऱ्या उतरून आला. त्याला आमच्यात बसायचं होतं की नव्हतं कोण जाणे, तो उभाच राहिला. पण हिरव्या काठाचं त्यालाही पाहिजेच होतं. मी बोटांवर मांडायला लागलो. मला वीस-बावीस निळी. चाचांना त्यांच्या वस्त्यांसाठी पंधरा निळी सहज खपतील. याला हिरवी दहा. उरली तीन ते पाच, ती मरून रंगाच्या काठाची घेऊन चाचा म्हाताऱ्यांना विकतील. गठ्ठा पूर्ण होतो.

तो दुकानदार म्हणाला, "होते, पन तीन काठ झाले ना भाऊ. शेठ म्हनते एक गठ्ठा एक रंग."

इथं माझा छापखाना कामी आला. पत्रकांपायी छापखान्यात दिवस काढलेल्या माणसाची नजर ठशावर जाते, अक्षरावर नंतर. पातळाच्या टोकाला मागवाल्याचा शिक्का असतो, मोराचं चित्र. निळ्या काठाच्या नमुन्यावरचा मोर मी पहिल्या खेपेला पाहिला होता, त्याचा एक पाय ठसा झिजल्यानं उमटत नव्हता. आज याच्या पुढं टाकलेल्या हिरव्या काठाच्या नमुन्यावरही तोच एकपायी मोर होता. मरून काठाचा नमुना मुनिमाच्या मागं टांगलेला, त्यावरही. लाकडाचा एकच ठसा. म्हणजे तिन्ही काठ बऱ्हाणपूरला एकाच मालकाच्या मागांवर निघत होते. तिथंच एका गठ्ठ्यात तीन काठ बांधायला कोणाचं काय जात होतं?

आम्ही तिघं परत पायऱ्या चढलो. मी पुढं, चाचा मागं, आणि सगळ्यात शेवटी तो दुकानदार, एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून, कधीही पळता येईल असा.

शेठनं आम्हाला पाहिलं आणि लोडावर आणखी टेकला. मी या वेळी मोठ्यानं बोललो नाही. मी म्हटलं, गठ्ठा पूर्ण घेतो. पन्नासची पन्नास. पैसे रोख, अर्धे आज, अर्धे माल आल्यावर. तुमचा नियम आम्ही मोडत नाही. फक्त गठ्ठा तीन काठांचा बांधून मागवा, आणि पावती तिघांच्या नावानं करा. मग त्याला मोर दाखवला. तिन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवले.

शेठनं वाकून पाहिलं. त्यानं हे आधी कधी पाहिलं नव्हतं हे उघड होतं. पाहण्याचं कारणही नव्हतं, त्याला तिन्ही काठांचे पूर्ण गठ्ठे परवडत होते.

"मागवाला आयकन काय?" तो मुनिमाला म्हणाला. मुनीम म्हणाला, पत्र टाकून पाहू, नाही काहून म्हणेल, त्याचाबी माल उठते.

पण शेठला अजून गर्दीचं भान होतं. कडेला बसलेले सगळे दुकानदार आता उघड उघड ऐकत होते. एक तर पुढं सरकूनच बसला होता. शेठनं पुन्हा उपरण्याकडे हात नेला. मी दोन्ही हात मागं घेतले आणि मांडीखाली दाबून बसलो, लहान पोर बसतं तसा. चाचा हसले. मग मुनीम हसला. मग कडेचा तो सरकलेला माणूस हसला, आणि शेवटी शेठलाही हसू आवरलं नाही.

"बरं बापा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मिसळ गठ्ठा. पूर्ण पन्नास, काठ तुमाले पायजे ते. तिघायच्या नावानं."

"आन् उद्या दुसरं कोणी आलं तं?" मी विचारलं.

"तं त्यालेबी. आता काय छापून वाटतं काय?"

मी छापून वाटलं. पुढच्याच आठवड्यात. कागद या वेळी पिवळा निघाला, त्याला माझा इलाज नव्हता. त्यात शेठचं नाव घातलं नाही, शिव्या घातल्या नाहीत. एवढंच लिहिलं की लहान दुकानदारांनी दोघांनी-तिघांनी मिळून जावं, गठ्ठा पूर्ण करावा, काठ आणि रंग मिसळून मागावेत, आणि जे ठरेल ते तोंडानं ठरवावं, कापडाखाली नव्हे. आजवर लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत हे सगळ्यात लहान होतं, आणि लोकांनी घडी घालून खिशात ठेवलेलं हे एकच. शेठ आधी संतापला म्हणतात. मग त्याच्या पेढीवर दोन-दोन तीन-तीन जण मिळून यायला लागले आणि त्याचे गठ्ठे दुप्पट उठायला लागले, तेव्हा तो माझ्या पत्रकाची चौकशी करायचा, आहे काय अजून म्हणून. मी त्याला दिलं नाही. त्यालाही कंदिलाची काच पुसायची असेल तर त्यानं स्वतः छापावं.

ते पुढचं. आधी माल यायचा होता. मागवाल्यानं होकार कळवला, पण गठ्ठा यायला उशीर लागला, आणि त्या मधल्या दिवसांत वस्तीतून मी मान खाली घालून चालत असे. पाचातल्या एका मुलीच्या बापानं विसार परत मागितला. मी दिला नाही, पातळ देईन म्हणालो, आणि तो माझ्याकडे असा पाहत राहिला की त्याच्या जागी मी असतो तर मीही पाहिलं असतं. शेवटी निरोप आला. आम्ही तिघं कारंज्याच्या एस.टी. स्टँडवर भेटलो. पेढीवर गठ्ठा फोडायला जागा होती, शेठ देतही होता, पण चाचा म्हणाले इथं नको. स्टँडवर चादर अंथरून आम्ही गठ्ठ्याची दोरी कापली. सुतळी आणि गोणपाट बाजूला केल्यावर निळे काठ वर आले, एकावर एक, घट्ट, ओळीनं. जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांना वाटलं आम्ही विकायला बसलो आहोत. एका बाईनं वाकून भाव विचारला. तो घाम पुसणारा दुकानदार, जो अजूनही आमच्यापासून जरा अंतर राखून बसला होता, तिला म्हणाला, "नाई वो बाई, हे लगनाचे हायेत." मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हे अगदी सहज म्हटलं होतं.

माझा वाटा मी गाडीच्या टपावर टाकू दिला नाही, मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडायला हात केला, मग पाहिलं आणि म्हणाला, राहू द्या, लग्नाचं दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही मुली दुकानात आल्या, त्यांच्या माया, काकू, शेजारणी. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. विसार परत मागणारा बाप दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो, कारण बघितलं असतं तर मला हसू आलं असतं. मी एक पातळ उघडलं. निळी लाट सतरंजीवर पसरली. क्षणभर कोणी हात लावला नाही. मग एकीनं लावला आणि मग सगळ्यांनी एकदम. पातळं उघडली जाऊ लागली. हे उजेडात पाहू दे, त्याची वीण विरळ हाये, याच्या घडीवर डाग हाये काय, नाई तो सावलीचा हाये, ते वरचं काढ, ते नाई, त्याच्या खालचं. सगळी सारखीच होती. एकाच मागावर, एकाच सुतानं विणलेली. तरी एकीला दुसरीसारखं नको होतं. माझा शर्ट घामानं पाठीला चिकटला. मी घडी घालत होतो, त्या मोडत होत्या. शेजारची एक काकू, जिच्या घरात लग्नच नव्हतं, ती सगळ्यात जास्त पातळं उघडून घेत होती. माय भिंतीला टेकून बसली होती, एकही पातळ हातात न घेता सगळ्यांकडे पाहत.

धाकटी बहीण सगळ्यात शेवटी पुढं आली. तिनं चार उघडली, चारही बाजूला सारली. पाचवं खांद्यावर टाकून काठावर बोटं ठेवली, मोजली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"काठ बारीक हाये, दादा."

मी म्हटलं, चार बोटं आहे, नमुन्यात होता तेवढाच.

"मंग नमुनाच बारीक होता. सहा बोटं पायजे. लगनाचं हाये ना." आणि बाकीच्या चौघींनीही लगेच आपापल्या काठांवर बोटं ठेवून पाहिली, आणि चौघींनाही तो बारीक वाटायला लागला.

विसाराच्या डब्यावर हात ठेवून मी त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. सगळ्या पांढऱ्या-निळ्या पसाऱ्यात बसून त्या माझ्या मालाला नावं ठेवत होत्या. गिऱ्हाईक ठेवतं तशी, हक्कानं. मी खिशातून पेन्सिल काढली आणि खोक्यावर बसून पुढच्या गठ्ठ्याचं पत्र शेठला लिहायला घेतलं: काठ सहा बोटं.